पंचवीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर बागेसाठी चालता ठेवणे : दुरुस्तीची सुरुवात कुठून करावी?

अंबडची_मोसंबी (धागाकर्ता) :

वडिलांनी घेतलेला एचएमटीचा पंचवीस अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर आमच्या अंबड तालुक्यातल्या मोसंबीच्या बागेत आजही काम करतो. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने झेटर २५११ तयार होऊ लागला. आमचा ट्रॅक्टर त्याच घराण्यातला असल्यामुळे गावातली जुनी माणसे त्याला अजून ‘झेटर’च म्हणतात. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला आणि तेव्हापासून ‘आता विकून टाका, पुढे सामान मिळणार नाही’ असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. तो मला पटत नाही. सामान परभणी, जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांतून आजही मिळते. शिवाय या आकाराचा ट्रॅक्टर बागेला जितका मानवतो, तितका मोठा मानवत नाही, हा माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा मुद्दा आहे.

आमची लागवड सहा बाय सहा मीटरवर आहे. कागदावर हे अंतर मोकळे वाटते, पण जुन्या झाडांचा घेर वाढल्यावर दोन ओळींमध्ये फारशी जागा उरत नाही आणि पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आत घातला, की खालच्या फांद्या मोडतात. अवजाराचा किंवा चाकाचा घासा लागून खोडाची साल निघाली, तर डिंक्या या रोगाला वाट मिळते. मोसंबीची अन्न घेणारी तंतुमुळे बहुतांशी वरच्या फूट-दीड फुटाच्या थरात असतात. आमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीत ओल असताना जड यंत्र फिरवले, तर तो थर दाबला जातो, पाणी साचते आणि मुळे गुदमरतात. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळून गेल्या. आमची वाचलेली झाडे याच ट्रॅक्टरने ओढून आणलेल्या टाकीच्या पाण्यावर जगली आहेत. ती झाडे आणि हा ट्रॅक्टर या दोघांनाही पुढे चालते ठेवायचे, असे घरात सर्वांचे मत आहे.

आता दुखणे सांगतो. सकाळी थंड असताना सेल्फ (इंजिन सुरू करणारा स्टार्टर) बराच वेळ मारावा लागतो आणि सुरू झाल्यावर काही वेळ पांढरा धूर येतो. भरलेली ट्रॉली चढावर ओढताना धूर काळा होतो. तेल कमी होत जाते. एप्रिल-मेच्या दुपारी पाळी (झाडांच्या ओळींमधली उथळ मशागत) घालताना तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. स्टेअरिंगला खेळ आहे, डावा ब्रेक नीट धरत नाही, आणि इंजिन बंद केल्यावर लिफ्ट, म्हणजे मागचे अवजार उचलणारी यंत्रणा, हळूहळू खाली बसते. जवळच्या एका मिस्त्रींनी ट्रॅक्टर फक्त सुरू करून पाहिला आणि ‘फुल इंजिन करावे लागेल’ असे सांगितले. त्यांचे म्हणणे चूक असेलच असे नाही. परंतु काहीही न मोजता दिलेला निर्णय आणि मोजून दिलेला निर्णय यांत फरक असतो, आणि शेतकऱ्याचा पैसा बहुधा याच फरकात जातो, असे मला वाटते.

आम्ही यंदा मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारा फुलोरा) धरणार आहोत. त्यामुळे झाडांचे पाणी तोडण्याच्या ताणाच्या काळात, म्हणजे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, ट्रॅक्टरला बागेत फारसे काम नाही आणि दुरुस्तीला सवड मिळेल ती हीच. जाणकारांनी कामाचा क्रम सुचवावा, ही विनंती.

---

फिटर_परभणी :

दादा, आपण लक्षणे वेगवेगळी लिहिली आहेत, हे चांगले केले. बहुतेक लोक ‘धूर मारतो’ एवढेच सांगतात आणि धुराचा रंग, वेळ, भार यांबद्दल काहीच सांगत नाहीत. माझ्या नोकरीची सारी वर्षे डिझेल इंजिनाच्या कामात गेली, त्या अनुभवावरून लिहितो.

थंड असताना येणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) कमी असणे, नोझल (इंजेक्टरचे डिझेल फवारणारे टोक) फवारा न करता ठिबकणे किंवा पंपाचे टायमिंग मागे असणे, अशी त्याची तीन मुख्य कारणे असतात. इंजिन तापल्यावर हा धूर थांबत असेल, तर फार घाबरू नये. तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत गेले, तर मात्र पाणी ज्वलनकक्षात जात आहे, असे समजून हेड गॅस्केटचा विचार करावा. भारावर येणारा काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि या वयाच्या ट्रॅक्टरमध्ये ‘हवा कमी’ हे कारण अधिक वेळा सापडते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. आपण निळ्या धुराचा उल्लेख केलेला नाही, पण तेल कमी होते असे लिहिले आहे. तेव्हा ते जळते आहे की गळते आहे, हे आधी ठरवा. रात्रभर ट्रॅक्टरखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवला, तर सकाळी उत्तर मिळते.

पहिली तपासणी अगदी बिनखर्चाची आहे. इंजिन गरम करून चालू ठेवा, तेल भरण्याचे झाकण काढा आणि तिथून किती धूर व दाब बाहेर येतो ते पाहा. जोराने धापा टाकल्यासारखा धूर आला, तर ज्वलनाचा वायू रिंगांजवळून खाली येत आहे. त्यानंतर डिझेल इंजिनासाठीचा कॉम्प्रेशन गेज मागवा. इंजेक्टर काढून त्या जागी तो बसवतात, डिझेलचा पुरवठा बंद ठेवतात आणि पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर सेल्फ मारून दोन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घेतात. बॅटरी उतरलेली असेल, तर आकडा खोटा येतो, हे ध्यानात ठेवावे. ज्या सिलिंडरचा आकडा कमी येईल, त्यात चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हा मोजायचे. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगा व लायनरचा (सिलिंडरच्या आतल्या नळीचा), आणि चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. तेल चमचाभरच घाला. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर फार थोडी जागा उरते आणि तिथे तेल साचले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

कॉम्प्रेशन मोजण्याआधी टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) मात्र तपासून घ्या. ते फार कमी झाले असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि चांगल्या सिलिंडरचेही कॉम्प्रेशन कमी दिसते. फीलर गेज आणि अर्ध्या तासाच्या श्रमाने कधी कधी मोठा खर्च वाचतो.

नोझल डिझेल पंपाचे काम करणाऱ्याकडे टेस्टरवर लावून पाहा. कोणत्या दाबाला उघडते, फवारा धुक्यासारखा आहे की धार आहे, आणि बंद झाल्यावर टोकाशी थेंब राहतो का, या तीन गोष्टी समोर उभे राहून पाहाव्यात. फवाऱ्यासमोर बोट किंवा तळहात कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरते, वरून जखम लहानशी दिसते आणि आतमध्ये हात निकामी होण्यापर्यंत मजल जाते.

---

गोदाकाठ :

आपल्या भावनेचा आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. बागेसाठी लहान ट्रॅक्टर हवा, हे मान्य आहे. पण आता बाजारात कमी रुंदीचे, चारही चाकांना ओढ असलेले, पॉवर स्टेअरिंगचे लहान ट्रॅक्टर मिळतात आणि राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज केला, तर नव्या यंत्राला अनुदानही मिळू शकते. जुन्याच्या दुरुस्तीला असे अनुदान नसते. आपण आज इंजिनावर खर्च कराल, पुढच्या वर्षी गिअरबॉक्सचा आवाज येईल, त्यानंतर लिफ्टचा पंप जाईल. फवारणीच्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडला आणि फुलोरा हातचा गेला, तर ते नुकसान कोणत्याही बिलात लिहिलेले नसते. माझ्या द्राक्षबागेत मी याच कारणाने जुना ट्रॅक्टर काढून टाकला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

---

अंबडची_मोसंबी (धागाकर्ता) :

गोदाकाठ, आपला मुद्दा द्राक्षाच्या बाबतीत पूर्ण बरोबर आहे. द्राक्षाला छाटणीनंतर फवारण्यांचा जो तगादा असतो, त्यात एका दिवसाचाही खंड चालत नाही. मोसंबीचे वेळापत्रक तितके घट्ट नाही. आमच्याकडे या ट्रॅक्टरचे काम पाळी घालणे, ब्लोअरने फवारणी, शेणखत वाहणे आणि उन्हाळ्यात पाण्याची टाकी ओढणे एवढेच आहे, आणि यातले प्रत्येक काम दोन-चार दिवस मागे-पुढे होऊ शकते. कर्जाचा हप्ता मात्र मागे-पुढे होत नाही. ज्या बागेने एका दुष्काळात अर्धी झाडे गमावलेली पाहिली आहेत, त्या घराला ही गोष्ट फार मोठी वाटते.

तरीही आपल्या म्हणण्यातला एक भाग मी घेतो. इंजिनावर खर्च करण्याआधी गिअरबॉक्स, मागचा आस आणि लिफ्ट तपासून घेतो. तिथे मोठे काम निघाले, तर इंजिनाचा खर्च करण्यात अर्थ राहणार नाही.

---

पैठणच्या_बागेतून :

इंजिनाची चर्चा खूप झाली आहे, म्हणून मी दुसऱ्याच टोकाकडे लक्ष वेधते. दादा, आपल्या यादीत स्टेअरिंगचा खेळ आणि डावा ब्रेक या दोन गोष्टी शेवटी आल्या आहेत. माझ्या मते त्या सर्वांत आधी यायला हव्यात. इंजिन कमजोर असले, तर काम उशिरा होते. ब्रेक कमजोर असला, तर माणूस जातो.

डावा ब्रेक धरत नसेल आणि दोन्ही पेडल कडीने जोडून रस्त्यावर जोरात दाबले, तर ट्रॅक्टर उजवीकडे ओढला जातो. मागे भरलेली ट्रॉली असेल, तर ती पुढच्या ट्रॅक्टरला आडवे ढकलते. ड्रम उघडून पाहा. अशा वेळी पुष्कळदा लायनिंग झिजलेले नसते, तर मागच्या आसाचे ऑइल सील गळून लायनिंग तेलकट झालेले असते. तेल मुरलेले लायनिंग पेट्रोलने पुसून किंवा जाळून परत बसवू नये. सील आणि लायनिंग दोन्ही नवे घालावे, आणि तेही दोन्ही बाजूंचे.

दुसरी गोष्ट पीटीओची, म्हणजे मागची अवजारे फिरवणाऱ्या दांड्याची. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक, ओढणी किंवा साडीचा पदर त्यात अडकला, तर ‘बंद करा’ असे ओरडायलाही वेळ मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरवर पीटीओच्या टोकाचे संरक्षक झाकण बहुधा हरवलेले असते आणि शाफ्टवरची प्लास्टिकची नळी फुटलेली असते. आमच्याकडे बागेत कामाला बऱ्याच बाया असतात. फवारणीच्या वेळी नळी धरणारी बाई ट्रॅक्टरच्या मागेच उभी असते, म्हणून मी हे आग्रहाने सांगते. पत्र्याचे झाकण कोणताही वेल्डिंगवाला एका दिवसात करून देतो आणि शाफ्टचे आवरण नवे मिळते.

आणि टाकी किंवा ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडा. चिखलात अडकलेले ओढायला म्हणून साखळी वरच्या टॉप लिंकच्या (अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याच्या) जागी अडकवली, की पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो. हलक्या ट्रॅक्टरला हा धोका अधिक असतो.

---

अंबडची_मोसंबी (धागाकर्ता) :

ताई, आपण क्रमच बदलून टाकला आणि तो योग्य बदलला. ब्रेक, पुढचा आस आणि पीटीओचे झाकण हे काम आधी काढले आहे. ड्रममध्ये आपण म्हणालात तसेच निघाले, डाव्या बाजूचे सील गळत होते. स्टेअरिंगचा खेळ बहुतांशी स्टेअरिंग बॉक्समध्ये नसून टाय रॉडचे गोळे आणि किंगपिनचे बुश यांत होता. मधल्या सेंटर पिनलाही झीज होती. बुश नवे घातल्यावर पुढच्या चाकांचे संरेखन करून घेतले. स्टेअरिंग बॉक्स कडक करून खेळ घालवण्याचा सल्ला एकाने दिला होता. तो ऐकला असता, तर मूळ दोष तसाच राहून बॉक्समधले दाते खराब झाले असते, असे मिस्त्रींनी दाखवून दिले.

आता फिटर काकांनी सांगितलेल्या तपासण्यांचे निकाल. टॅपेट दोन्ही सिलिंडरचे बिघडलेले होते, ते लावून मगच कॉम्प्रेशन घेतले. पहिल्या सिलिंडरचा आकडा समाधानकारक आला. दुसऱ्याचा त्याच्या साधारण तीन-चतुर्थांश भरला आणि तेल घातल्यावर चांगलाच चढला. एक नोझल ठिबकत होते. एअर क्लीनरचा वाडगा उघडला, तेव्हा तेलाऐवजी काळ्या मातीचा घट्ट गाळ निघाला आणि वरची जाळी धुळीने गच्च झाली होती. ती रॉकेलने धुऊन, खुणेपर्यंत तेल भरून ट्रॉली ओढून पाहिली, तर काळा धूर बराच कमी झाला आणि ओढही वाढली.

तापण्याचे कारण रेडिएटर उघडल्यावर दिसले. आतल्या नळ्यांवर पांढरा, कठीण थर बसला होता. आमच्या बोअरचे पाणी जड आहे, ठिबकच्या नळ्यासुद्धा त्याने चोंदतात. तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये पडत आले आहे. शिवाय थर्मोस्टॅट (पाणी गरम होईपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागेवर नव्हता, कधी तरी कोणी तरी काढून टाकला असावा.

तेव्हा आता प्रश्न एवढाच उरतो : दोष एका सिलिंडरमध्ये आहे, तर एकाच सिलिंडरचे लायनर-पिस्टन बदलावे का?

---

लेथ_वाळूज :

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माझे मशीनिंगचे काम आहे, म्हणून या प्रश्नापुरते लिहितो.

या इंजिनाचे लायनर वेट प्रकारचे आहेत, म्हणजे लायनरची बाहेरची बाजू सरळ पाण्यात असते. त्यामुळे ब्लॉक बोअर करण्याची गरज पडत नाही, जुना लायनर काढून नवा बसवता येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. पण त्याच रचनेमुळे जड पाण्याचे परिणाम लायनरवर थेट होतात. बाहेरून क्षार चढतो, तो उष्णता जाऊ देत नाही, आणि लायनर एका बाजूला जास्त तापून किंचित वाकडा होतो. काही लायनर बाहेरून टोचल्यासारखे खड्डे पडलेले निघतात. हे खड्डे आरपार गेले, की पाणी तेलात उतरते आणि डिपस्टिकवर दुधासारखे तेल दिसते. तुमचा पहिला सिलिंडर आतून चांगला असला, तरी त्याचा लायनर बाहेरून कसा आहे, हे काढल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून माझे मत असे, की हेड उघडणारच आहात, तर दोन्ही लायनर, दोन्ही पिस्टन, रिंग आणि खालच्या रबरी रिंगा एकाच संचातल्या घ्या. दोन पिस्टनच्या वजनात फरक पडला, तर इंजिन हादरते आणि दोनच सिलिंडरच्या इंजिनात तो हादरा चांगला जाणवतो. बसवण्याआधी ब्लॉकमधली लायनरची बैठक घासून स्वच्छ करा. बसल्यावर लायनरची वरची कॉलर ब्लॉकच्या पृष्ठापेक्षा किंचित वर राहिली पाहिजे आणि दोन्ही लायनरची उंची सारखी असली पाहिजे. डायल गेजने ती मोजून घ्या. कॉलर खाली बसली, तर नवे हेड गॅस्केट थोड्याच दिवसांत फुंकते आणि दोष मात्र गॅस्केटच्या माथी मारला जातो.

क्रँकबद्दल (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याबद्दल) घाई करू नका. ‘इंजिन उघडले आहे, तर क्रँकही घासून घेऊ’ असे सहज म्हटले जाते. त्याचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजा. गोलाई टिकून असेल आणि ओरखडे नसतील, तर मूळ मापाचेच नवे बेअरिंग घाला. प्रत्येक ग्राइंडिंगला पाव मिलिमीटर जाते, आणि अशा घासण्या मोजक्याच होऊ शकतात. ज्या ट्रॅक्टरचा कारखानाच बंद झाला आहे, त्याच्या क्रँकवरचे लोखंड जपून खर्च करावे.

बिल मागताना सामान, मशीनिंग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. यात कोणावर अविश्वास नाही, जुन्या भागांची झीज पाहूनच आतले दुखणे कळते.

---

फिटर_परभणी :

लेथवाल्या मित्रांशी मी पूर्ण सहमत आहे. दोन्ही बाजू एकदम करा.

पाण्याबद्दल थोडे. रेडिएटर खोलून रॉड मारून (नळ्यांत सळई घालून थर काढून) घ्या आणि ब्लॉकमधली पाण्याची जागाही साफ करा. नुसता रेडिएटर साफ करून भागत नाही. त्यानंतर बोअरचे पाणी पुन्हा घालू नका. चांगले कूलंट आणि त्यात मिसळायला शुद्ध पाणी किंवा पत्र्यावरून स्वच्छ गोळा केलेले पावसाचे पाणी चालेल. थर्मोस्टॅट नवा घाला. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत पडली आहे, पण तिने इंजिनाचे नुकसानच होते. इंजिन योग्य तापमानाला फार उशिरा पोहोचते, तोवर न जळलेले डिझेल लायनरवरचे तेल धुऊन काढते आणि झीज वाढते. तापण्याचे मूळ कारण क्षार, ढिला पट्टा किंवा जाळीत अडकलेला कचरा हे असते. मोसंबीच्या बागेत वाळलेली पाने आणि गवताचे बी रेडिएटरच्या जाळीत फार अडकते, ते रोज संध्याकाळी आतल्या बाजूने हवा मारून काढावे.

आता लिफ्टचे. इंजिन बंद केल्यावर अवजार हळूहळू बसणे, हा जुन्या ट्रॅक्टरमध्ये पुष्कळदा रॅम सिलिंडरच्या पिस्टनवरच्या रबरी रिंगचा दोष असतो, नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्हमधली गळती. पंप बदलण्याची घाई नको. भार लावल्यावर उचलतो आहे आणि फक्त टिकत नाही, याचा अर्थ पंप काम करतो आहे. लिफ्ट उघडण्याआधी तेल आणि फिल्टर बदलून पाहा. आणि दुरुस्ती होईपर्यंत, तसेच झाल्यावरही, उचललेल्या अवजाराखाली कोणी हात किंवा डोके घालू नये. अवजार जमिनीवर टेकवूनच खिळे-बोल्ट आवळावेत.

क्लच घसरत नसेल, तर त्यासाठी ट्रॅक्टर मधून फोडू नका. फोडावाच लागला, तर क्लच प्लेटसोबत रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सील नवे घालूनच जोडा. सामानाची किंमत किरकोळ असते, फोडण्या-जोडण्याची मजुरी मोठी असते.

---

उदगीरचा_वाचक :

यंत्राबरोबर कागदपत्रांचाही विचार करावा, म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते आणि त्यासाठी नमुना २५ भरून, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. तपासणीत ब्रेक, स्टेअरिंग, दिवे आणि टायर पाहतात, म्हणजे वर ताईंनी आधी करायला सांगितलेलीच कामे.

ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर आहे, असे दिसते. ते हयात असतील तर प्रश्न नाही. पण मराठवाड्यात कितीतरी घरांत ट्रॅक्टर अजून दिवंगत आजोबांच्या नावावर चालतो आणि अपघात झाल्यावर विम्याच्या वेळी अडचण उभी राहते. मालकाचे निधन झाल्यास तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते आणि वारसाच्या नावावर करण्यासाठी तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा असतो. ही मुदत उलटलेली असली, तरी दंड भरून नाव लावून घेणे केव्हाही चांगले.

मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालणारे दिवे लावा. गाळप हंगामात रात्री दिवे नसलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

---

अंबडची_मोसंबी (धागाकर्ता) :

उदगीरचे मित्र, वडील हयात आहेत आणि नोंदणी त्यांच्याच नावावर आहे. नूतनीकरणाची मुदत मात्र जवळ आली आहे, तेव्हा ब्रेक व दिव्यांचे काम झाले की तपासणीला नेतो. वायरिंगचे कापडी वेष्टण उंदरांनी कुरतडले होते. ते सगळे नवे करून प्रत्येक सर्किटमध्ये फ्यूज घातला आहे.

इंजिनाबाबत ठरले ते असे : दोन्ही लायनर-पिस्टनचा संच, दोन्ही नोझल, हेडचे व्हॉल्व्ह घासून घेणे, मूळ मापाचे बेअरिंग. क्रँक मोजला, तो गोल आहे, त्याला ग्राइंडिंगला दिला नाही. पहिला लायनर आतून गुळगुळीत होता आणि बाहेरून त्याला खड्डे निघाले, हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण लेथवाल्या दादांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. गिअरबॉक्सच्या तेलात पितळेचा किंवा लोखंडाचा कीस नाही, दात चांगले आहेत. म्हणजे गोदाकाठ यांची शंका तपासून पाहिली आणि पुढे जायला हरकत नाही, असे दिसले. ‘फुल इंजिन’ म्हणून जो अंदाज सुरुवातीला मिळाला होता, त्यात क्रँक, पंप आणि क्लच हे तिन्ही धरलेले होते. मोजल्यावर त्यातले एकही लागले नाही.

एक शंका उरली आहे. नवे लायनर बसल्यावर सुरुवातीला इंजिन किती हलके चालवावे? काहीजण म्हणतात, दिवसभर नुसते मंद गतीवर चालू ठेवा.

---

फिटर_परभणी :

नुसते मंद गतीवर चालू ठेवू नका. रिंगा लायनरला दाबून बसण्यासाठी सिलिंडरमध्ये दाब लागतो आणि तो दाब भारानेच येतो. बिनभाराने दिवसभर चालवले, तर लायनरच्या आतल्या बाजूला चकाकी येते, रिंगा कधीच नीट बसत नाहीत आणि नवे इंजिन तेल खाऊ लागते.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी डिझेलच्या लाइनमधली हवा काढा. आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, मग इंजेक्टरच्या नळ्यांचे नट, या क्रमाने. पंपाची स्टॉपची दांडी ओढून डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा आणि तेलाचा दाब काट्यावर आल्यावरच इंजिन सुरू होऊ द्या. पाणी गरम होईपर्यंत मध्यम गतीवर ठेवा, गळती पाहा, आणि मग थोडा भार द्या. रिकामी ट्रॉली, नंतर अर्धी भरलेली, हलकी पाळी, असे वाढवत जा. गती कमी-जास्त होत राहील असे काम द्यावे, एकाच गतीवर तासन् तास चालवू नये. सुरुवातीचे ५० तास पूर्ण भाराची नांगरट किंवा रोटाव्हेटर टाळा.

इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाले, की हेडचे नट टॉर्क रेंचने ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळा आणि टॅपेट पुन्हा लावा, कारण गॅस्केट बसल्यावर अंतर बदलते. ५० तासांनंतर तेल आणि फिल्टर बदला. काढलेले तेल पांढऱ्या कापडावर गाळून पाहा. बारीक करडी चकाकी असेल तर चिंता नको. बेअरिंगचे पत्रीसारखे तुकडे दिसले, तर लगेच बंद करून कळवा. एअर क्लीनरमधले तेल धुळीच्या दिवसांत रोज पाहा, आणि गाळ बोटभर साचण्याची वाट न पाहता बदला. मृगाचा पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे धूळ फार असते, आणि नव्या लायनरचे आयुष्य जितके तेलावर अवलंबून आहे, तितकेच त्या वाडग्यावर आहे.